भात पुढच्या कोर्सला

[बंद दार. बाहेर ओल्या चपला, बादलीत छत्र्या.]

ठाणे, नौपाडा. जुन्या इमारतीचा दुसरा मजला. जूनचा तिसरा आठवडा आहे आणि दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आत हॉलमधला सोफा बेडरूममध्ये ढकललाय. दोन टेबलं जोडून वर पांढरी चादर अंथरली आहे. खुर्च्या दहा, त्यातल्या चार शेजारच्यांच्या. आज रात्री साडेआठ ते अकरा हे रेस्टॉरंट आहे. उद्या सकाळी सोफा परत जागेवर येईल आणि टीव्हीवर कोणीतरी बातम्या लावेल.

याला पॉप-अप म्हणतात. जागा कायमची नाही, मेनू कायमचा नाही. मुंबई परिसराला हे नवीन नाही. २०१४ मध्ये कुलाब्यातल्या एका बोहरी घरात मुनाफ कपाडिया या तरुणाने आपल्या आईच्या हातचं थाळ अनोळखी पाहुण्यांना खिलवायला सुरुवात केली आणि 'द बोहरी किचन' हे नाव बघता बघता गाजलं. तेव्हापासून किती जणांनी आपल्या घराची दारं अशी उघडली, याची मोजदाद नाही.

[ओटा. स्टीलची परात, त्यात मोड आलेले वाल.]

आजच्या शेफने बारा वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. घर सीकेपी. महिन्यातले दोन शनिवार ती इथे सात कोर्सचं जेवण वाढते. काय जेवायचं, हे पाहुण्यांना विचारत नाही. पैसे आधी भरायचे, काही सोसत नसेल तर आधी कळवायचं आणि समोर येईल ते खायचं.

पण आमचा कॅमेरा आधी तिच्या सासूबाईंकडे वळला, कारण खरं काम तिथे चाललं होतं. कडवे वाल परवा रात्री भिजत घातले, काल फडक्यात बांधून ठेवले, आज बोटभर नाही पण दिसतील एवढे मोड आले. आता ते कोमट पाण्यात. एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा. साल चिमटीत राहते आणि डाळिंबी टुपकन परातीत पडते. जोरात दाबली तर दुभंगते, दुभंगली की शिजताना पिठूळ होते. अर्धा किलो वाल. सासूबाई चार वाजता बसल्या, सहाला उठल्या.

"आई, राहू द्या, उरलेले मी करते," शेफ दोनदा म्हणाली.

"तू तुझी ती फुलं लाव ताटलीत," त्या म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही.

[शेवळांची जुडी. सुरी.]

मेनू ठरवायला शेफला फारसा वाव नव्हता, आणि ते बरंच झालं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी. म्हणजे ताजी कोलंबी विसरायची, डब्यातले सोडे काढायचे. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. उन्हाळ्यात भरून ठेवायची आणि पावसाळ्यात पुरवून पुरवून वापरायची. आणि शेवळं. पावसाच्या तोंडावर जंगलात उगवणारे हे कोंब, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या बांधून घेऊन बसतात. ही बहुधा या वर्षीची शेवटची जुडी. आतला पिवळा भाग काढून टाकावाच लागतो, नाहीतर घसा खाजतो. तरीही भरवसा नको म्हणून सोबत काकडं नावाची आंबट हिरवी फळं लागतात, ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. ज्या भाजीबरोबर तिचा उतारा विकत घ्यावा लागतो, ती भाजी माणसं वर्षभर वाट बघून खातात.

[टेबल. पाहुणे बसतात.]

शेफच्या नजरेसमोर असं जेवायला बसण्याला शेफ्स टेबल म्हणतात. या कल्पनेचा उगम साधा आहे. शेफच्या जवळच्या माणसांना स्वयंपाकघरातच एका कोपऱ्यात बसवायचं. शिकागोत चार्ली ट्रॉटर यांनी १९८७ साली सुरू केलेल्या रेस्टॉरंटात भटारखान्यातलं टेबल पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना खुलं झालं आणि मग जगभर त्याची चाल पडली. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत त्याहून जुनी. फ्रान्समध्येसुद्धा एकेकाळी सगळं टेबलावर एकदम मांडलं जाई. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धतीची वाढणी आली आणि पदार्थ रांगेत उभे राहिले.

आपलं ताट रांगेत उभं राहत नाही. त्यात प्रत्येकाला ठरलेली जागा असते. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. भात समोर. कशाचा घास आधी, कशात काय कालवायचं, हे जेवणाऱ्याने ठरवायचं. वाढणारी बाई जागा सांभाळते, क्रम खाणाऱ्याचा. टेस्टिंग मेनूत, म्हणजे शेफने ठरवलेल्या अशा छोट्या छोट्या कोर्सच्या जेवणात, नेमकं उलटं होतं. इथे क्रम शेफच्या हातात गेला.

(बोहरी थाळात मात्र क्रम आहे. चिमूटभर मिठाने सुरुवात, मग गोड, मग तिखट, पुन्हा गोड. तेव्हा ही कल्पना परदेशातूनच आली, असं म्हणायला मी तयार नाही.)

[छोटा ग्लास, गुलाबी सोलकढी.]

पहिला कोर्स, सोलकढी. टेबलाच्या टोकाला पेणचे एक आजोबा बसलेत, नातीने तिकीट काढून आणलेले. त्यांनी ग्लास उचलून उजेडात धरला.

"ही शेवटी असते."

"आजोबा, इथे पहिली आहे," नात पुटपुटली.

दुसरा कोर्स, शेवळं. तांदळाच्या भाकरीच्या रुपयाएवढ्या तुकड्यावर. तिसरा, सोडे आणि वांगं, काळ्या वाटीत तीन घास. वाढणारा मुलगा वाटी उचलायला आला, तर आजोबांनी वाटीवर हात ठेवला.

"असू दे."

"सर, पुढचं येतंय."

"येऊ दे की."

[डाळिंब्यांचा जवळून घेतलेला शॉट.]

चौथा कोर्स, बिरडं, म्हणजे त्या सोललेल्या वालांची उसळ. पांढऱ्या ताटलीत नारळाच्या दुधाचा पातळ थर, त्यावर डाळिंब्या. मी मोजल्या, अकरा. एकही दुभंगलेली नाही. भात नाही, पोळी नाही, चमचा दिलाय.

इथे मला शेफचं म्हणणं पटलं, ते सांगून टाकतो. घरी बिरडं भातावर पडतं, तुपात मिसळतं, आणि मागची ती बारीकशी कडवट चव त्यात हरवून जाते. इथे एकटी डाळिंबी चावली आणि आधी गूळ, मग आमसुलाची आंबट कड, आणि सगळं संपल्यावर जिभेच्या मागे तो कडवटपणा. पन्नास वेळा खाल्लेलं बिरडं मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. आणि अकरा डाळिंब्या संपल्यावर भूक जशीच्या तशी होती, हेही खरं.

हॉटेलात तयार ताटल्या जिथून बाहेर जातात त्या जागेला पास म्हणतात. इथे तो ओटाच. शेफ तिथून टेबलाकडे बघत होती. आजोबांसमोर आता सोलकढीचा अर्धा ग्लास उजवीकडे, सोड्यांची वाटी त्याच्या खाली, शेवळांची उरलेली भाकरी डावीकडे, मधे बिरडं. एक घास या वाटीतून, एक त्या वाटीतून, सावकाश चाललं होतं. नात लाजून फोनमध्ये बघत होती.

शेफने ओट्यावरची मिठाची बरणी उघडली. चिमूटभर मीठ घेतलं, लिंबाची एक फोड घेतली आणि टेबलाशी येऊन मीठ त्यांच्या ताटलीच्या वर मधोमध ठेवलं. फोड डावीकडे.

आजोबांनी मिठाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"भात कुठंय?"

"पुढच्या कोर्सला, काका."

"मग ही ताटली नेऊ नकोस."