पुवाची गोळी घेतलीये? मग घरातसुद्धा गॉगल!

हां, चालू झालं का? झालं. तर मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट होत्या, "ताई, मायकोसिस फंगॉइड्सला लाइट देतात म्हणजे नेमकं काय करतात?" आणि उरलेल्या, "फंगस आहे तर क्रीम लावा की!" या दुसऱ्यांचं आधी उरकते. फंगस नाहीये हो. अलिबेअर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ मध्ये एका पेशंटच्या अंगावर मशरूमसारख्या गाठी बघितल्या, त्यावरून पुढे हे नाव पडलं ते पडलंच. हा लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. आपल्याच टी-सेल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, बिघडून स्किनमध्ये ठाण मांडतात. कंबर, मांड्या, कुल्ले, जिथे ऊन लागत नाही तिथे चट्टे येतात आणि लोक वर्षानुवर्षं एक्झिमा समजून ट्यूबा चोळत बसतात. बायोप्सी करा. बास, पुढे.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. अकरा वर्षं फोटोथेरपीच्या, म्हणजे लाइट देण्याच्या, रूममध्ये मशीन चालवलंय, त्या अनुभवावर बोलतेय. डोस वगैरे डॉक्टरांनाच विचारा.

तर हा लाइट म्हणजे बरेचदा पुवा. पुवा म्हणजे सोरॅलेन, लाइट पडला की काम करणारं औषध, अधिक यूव्हीए, उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार. मेथॉक्सॅलेनची, म्हणजे एका सोरॅलेनची, गोळी काहीतरी खाऊन घ्यायची, नाहीतर मळमळतं, मग दीड-दोन तासांनी कपाटाएवढ्या मशीनमध्ये उभं राहायचं, आत चारी बाजूंनी ट्यूबलाइटी. गोळी पेशीच्या डीएनएमध्ये जाऊन नुसती बसते, लाइट पडला की तिथे टाका घालते, मग त्या पेशीला वाढता येत नाही, ती मरते. आठवड्यातून दोन-तीनदा, असं कित्येक महिने. या लिम्फोमासाठी हे १९७६ मध्ये बार्बरा गिलख्रेस्ट आणि त्यांच्या टीमने अमेरिकेत करून दाखवलं. चट्टे पातळ असतील तर बरेचदा नॅरोबँड यूव्हीबीवर, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांवर, भागतं, त्यात गोळीच नाही. जाड असतील तर पुवा, कारण यूव्हीए जास्त खोल जातो.

आता ज्यासाठी व्हिडिओ करतेय ते. मशीन बंद झालं म्हणजे ट्रीटमेंट बंद झाली असं नाही! औषध अंगात आहे ना अजून. डोळ्यात पण आहे, स्किनमध्ये पण आहे, आणि यूव्हीए कुठूनही आला तरी चालतो त्याला, ते काय मशीनची पावती बघतं का? म्हणून गोळी घेतल्यापासून चोवीस तास यूव्ही अडवणारा गॉगल. मशीनमधून बाहेर आल्यापासून नाही, गोळी घेतल्यापासून. नाहीतर मोतीबिंदूची भीती.

"ताई मी घरातच असतो." खिडकीपाशी बसता ना? साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए सरळ आत येतो. काचेमागे तुम्हाला चटका लागत नाही, त्यावरूनच तुम्ही ठरवता की सेफ आहे.

आमच्याकडे एक काका यायचे तालुक्याहून एसटीने, दोन तासांचा प्रवास. त्यांना कोणीतरी सांगितलं गोळी घरूनच घेऊन निघा, टाइम वाचेल. खिडकीची सीट, उजवा हात बाहेर, बोटांत तंबाखूची पुडी. आमच्याकडे आले, नॉर्मल, मशीनमध्ये उभे राहिले, गेले. तिसऱ्या दिवशी फोन, हात कोपरापर्यंत लालभडक, फोड. आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी जागा एकदम गोरी, तशीच्या तशी. त्यांना वाटलं आम्ही भाजलं! पुवाचा चटका त्याच दिवशी दिसत नाही हो, दोन-तीन दिवसांनी चढतो. म्हणून आपण लागोपाठ दोन दिवस मशीन देत नाही, आणि म्हणूनच "काल उन्हात गेलो, काही झालं नाही" याला काही अर्थ नसतो.

अजून पटत नाही? अंजिराचा चीक हाताला लागून उन्हात काम केलं की काय होतं ते सासवडकडच्या कुणालाही विचारा. लिंबं पिळून उन्हात बसल्यावर बोटांवर काळे डाग पडतात ना, तेही तेच, सोरॅलेनचीच भावंडं.

आणि आता ते बावचीवाले, म्हणजे बावचीच्या बियांचं तेल सुचवणारे. "ताई, बावचीतच सोरॅलेन असतं, ऊन फुकट आहे, तेल लावा आणि गच्चीत बसा." असतं, मान्य. कोडावर बावची आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात, तेही मान्य. पण तेलात सोरॅलेन किती, उन्हात यूव्हीए किती, सकाळी नऊचा किती, बाराचा किती, हे मोजलंय कोणी? आम्ही मशीनचा डोस थोडा थोडा करत वाढवतो, आणि इतकं करून पण शेकड्यांनी सेशन झाली की दुसऱ्या स्किन कॅन्सरचा धोका वाढतोच. एवढं मोजून ही गत, आणि तुम्ही म्हणता गच्ची.

एकीने विचारलंय, गॉगल काळा असला की झालं ना? नाही. नुसता काळा आणि यूव्ही न अडवणारा तर उलट वाईट, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आत यूव्ही जास्त जातो. बाजूनेही झाकणारा घ्या.

आणि ज्यांना सेझरी सिंड्रोम आहे, म्हणजे त्या पेशी रक्तात पण फिरतायत, त्यांच्यासाठी फोटोफेरेसिस असतं. येलच्या रिचर्ड एडेलसन यांनी १९८७ मध्ये ते मांडलं. रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यात हेच औषध घालून लाइट देतात, मग परत शरीरात सोडतात. लाइट अंगाला लागतच नाही, सगळं पिशवीत. तरी त्यांना पण चोवीस तास गॉगल. का ते आता तुम्हीच कमेंटमध्ये लिहा.