भिंतीतली वायर आणि मे महिना

[दृश्य: नागपूर, महाल. संध्याकाळ. गच्चीवरून दिसणारी जुनी घरं, खिडक्याखिडक्यांत कूलर.]

मे महिन्यात नागपुरात रात्री अकरा वाजता पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. दिवसभर ४५ अंशांत तापलेली भिंत तेव्हाही हाताला चटका देते. घरातली वायर याच भिंतीत, प्लॅस्टरखाली पुरलेली आहे. आणि नेमक्या याच वेळी पंखे, कूलर, एसी, फ्रिज, सगळं चालू असतं.

घरगुती पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकेल, असं धरलेलं असतं. भोवताली ३० अंश असतील, तर वायरला तापायला ४० अंशांची मोकळीक मिळते. भोवताली ४५ असतील, तर २५ अंशांचीच. हिशेब मांडला की त्याच वायरची करंट वाहून नेण्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने कमी भरते. डिसेंबरात जे निभावतं, ते मे महिन्यात निभावेलच असं नाही.

[दृश्य: वायरमन मेन स्विच बंद करतो, एसीच्या सॉकेटची प्लेट उघडतो. कॅमेरा जवळ.]

हा एसीचा पॉवर पॉइंट. बाहेरून एका भोकाभोवती तपकिरी डाग, बस्स. आत बघा. फेजच्या वायरचं आवरण स्क्रूपाशी कडक झालंय, नखाने टोकरलं तर तुकडा पडतो. तांबं काळं पडलंय. आणि हा स्क्रू... स्क्रू ड्रायव्हर लावला तर चांगला अर्धा फेरा फिरला. सैल होता.

दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर करंट घेतो. सैल जोडात अर्ध्या ओहमचा अडथळा जरी आला, तरी ८ अँपिअरला तिथे ३२ वॅट उष्णता तयार होते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडचं सोल्डरिंग आयर्न असतं २५ वॅटचं. म्हणजे भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत पेटतं सोल्डरिंग आयर्न ठेवून घर रात्रभर झोपतं. एसी गार हवा देतच राहतो. मधल्या मधे ४ व्होल्ट गेले, हे त्याला कळतही नाही.

मग एमसीबी, म्हणजे करंट वाढला की लाइन तोडणारा बोर्डावरचा स्विच, का पडत नाही? कारण तिच्या लेखी सगळं ठीक चाललंय. तिला फक्त करंट मोजता येतो, आणि करंट आहे ८ अँपिअरच. तापलेला स्क्रू तिला दिसत नाही. आवरण वितळून फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडतात, तेव्हा कुठे ती पडते. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'शॉर्टसर्किटमुळे आग'. शॉर्टसर्किट झालं हे खरं, पण बऱ्याचदा ते सगळ्यात शेवटी झालेलं असतं.

जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असेल तर काळजी दुप्पट. हा धातू मऊ. स्क्रूखाली दबत जातो, वर गंज धरतो, आणि आवळलेला जोड काही उन्हाळ्यांत आपोआप ढिला होतो.

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेला लोखंडी कूलर. धूळ, वाळलेल्या ताट्या (कूलरचे पॅड).]

आता विदर्भाचं दैवत. कूलर खाली उतरला की ताट्या बदलतात, टाकी घासतात, हौशी लोक रंगही देतात. वायरकडे कोण बघतं? आठ महिने माळ्यावर पडलेल्या वायरला उंदरांनी दात लावलेले असतात. मोटरचं बेअरिंग धरलेलं असतं. स्विच दाबला, पंखा फिरला नाही, फक्त गुं-गुं आवाज आला, तर ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर फिरत नाही, तरी करंट ओढत राहते आणि वाइंडिंग तापतं. लाइट कमी-जास्त होत असेल, तर आणखीच. पंप पाण्यात बुडालेला असतो तोवर पाणीच त्याला गार ठेवतं. टाकी आटली की पंप जळतो, आणि पाण्याअभावी सुकलेल्या ताट्या शेजारीच असतात. त्यांना ठिणगी पुरते. शॉकचा धोका वेगळाच. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल, तर तो लावूच नये.

[दृश्य: वीज मीटरजवळचा बोर्ड. भर दुपारचं ऊन.]

उन्हातल्या डबीतली एमसीबी नेहमीपेक्षा कमी करंटला पडते, कारण तिच्या आतली पट्टी उष्णतेवरच चालते. रोज दुपारी लाइट जाते, घरचे वैतागतात, आणि कोणीतरी १६ अँपिअरची काढून ३२ ची बसवतं. लाइट जायची थांबते. सगळे खूश! भिंतीतली वायर मात्र तीच दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर). माझ्या मते उन्हाळ्यातला सगळ्यात घातक उद्योग हाच. फ्यूजमध्ये तांब्याचा जाड तार गुंडाळणं, ही त्याचीच जुनी आवृत्ती.

एसीला थेट मेन बोर्डापासून वेगळी लाइन हवी, सहसा चार एमएम तांब्याची, आणि त्या वायरला झेपेल अशी एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी नको, गीझर नको, इस्त्री नको. मार्च संपायच्या आत वायरमनला बोलावून पॉवर पॉइंटचे आणि मेन बोर्डाचे स्क्रू आवळून घ्या. आरसीसीबी बसवाच, पण ती गळणारा करंट पकडते. सैल स्क्रू तिलाही दिसत नाही.

तो ओळखायला आपला हात आणि नाक आहे. एसी तासभर चालू द्या, स्विच बंद करा, पिनटॉप (वायरच्या टोकाचा प्लग) काढून हात लावा. कोमट असेल तर ठीक. हातात धरवत नसेल, तर तो पॉइंट दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. आणि स्वयंपाकघरात काही नसताना मासळीसारखा वास आला, तर बोर्ड तपासा. काही प्लॅस्टिकं तापली की असाच वास सोडतात.

[दृश्य: मेन स्विच खाली ओढणारा हात.]

बोर्डातून धूर आला, तर आधी मेन बंद. पाणी ओतायचं नाही. आग विझवायचं एबीसी पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असेल तर वापरा; नसेल तर माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ फिरवा. मेन बोर्डच पेटला असेल, तर त्याला हात लावायला जाऊ नका. बाहेर पडा, १०१ ला कळवा आणि महावितरणच्या १९१२ वर पुरवठा तोडायला सांगा. आग विझल्यावर पडलेली एमसीबी स्वतः वर करू नका. आधी वायरमनने लाइन तपासायला हवी.