दोनशेची हळद

(दृश्य: पहाट. काहिलीतून उसळणारी वाफ.)

वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. फेब्रुवारीतली पहाट. काहिलीत हळद रटरटतेय. वरून हळदीचाच पाला आणि ओलं पोतं दाबलंय. फेस वर आला, वास गल्लीत पोचला, की बचत गटाच्या अध्यक्ष ताई एक गड्डा बाहेर काढतात आणि त्यात काडी खुपसतात. काडी सहज आरपार गेली, की जाळ ओढायचा. आधी उतरवली तर हळद आतून कच्ची. जास्त शिजली तर रंग उतरला.

(दृश्य: पिवळी अंगणं. फिरणारा पॉलिशचा ड्रम.)

मग पंधरा दिवस ऊन. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल उरते. ड्रममध्ये घासून साल निघते, हळकुंडाला तकाकी येते, शेवटी चक्की. हा वायगाव हळदीचा पट्टा, भौगोलिक मानांकन मिळालेला. एवढा खटाटोप करून पाकिटावर भाव पडायचा २०० रुपये किलो.

दोनशेच का?

"पयलेपासून तेवढाच हाय," ताई सांगतात. "वाढवला त गिऱ्हाईक तुटते."

(दृश्य: हिंगणघाटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग.)

या उत्तराला हसू नये. इथे पिकाचा भाव ऐकायचा असतो. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. या रांगेतल्या कोणीही आपला कापूस घरी परत नेला, तरी बाजार ढिम्म हलणार नाही. पिढ्यान् पिढ्या असं गेल्यावर, स्वतःच्या पाकिटावर स्वतःच आकडा लिहायची वेळ आली की हात थबकतो.

(दृश्य: गटाची वही. पानावर हळदीची बोटं.)

वहीत मात्र उत्तराचा अर्धा भाग आधीच होता. भाव २०० असताना महिन्याला १०० किलो खपायची. मध्ये काही महिने भाव २४० केला, तेव्हा ८० किलो. हिशेब कळायला सोपा जावा म्हणून आम्ही आकडे गोल केलेत. चाळीस रुपयांनी वीस किलो तुटले, म्हणजे रुपयामागे अर्धा किलो. याच चालीने ४०० रुपयांना एकही पाकीट जाणार नाही. हळद, सरपण, दळण, पाकीट, मजुरी धरून किलोमागे खर्च १६०.

बी.एस्सी. करणारी ताईंची पुतणी वहीच्या मागच्या पानावर लिहिते. भाव म्हणजे 'भ'. एका किलोवर सुटतात भ वजा १६०. खप आहे २०० मधून भ चा अर्धा वजा करून उरेल तेवढे किलो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे महिन्याचा नफा.

(दृश्य: पेन्सिलने काढलेली कमान. जवळून.)

१६० रुपयांना नफा शून्य, ४०० ला पुन्हा शून्य. मध्ये कमान. २०० ला ४,००० रुपये, २४० ला ६,४००. आणि ३२० लाही तेच ६,४००, म्हणजे तोवर कमान उतरणीला लागलेली. तिचा माथा कुठे?

पुतणी पट्टी कमानीला टेकवते आणि हळूहळू सरकवते. चढावर पट्टी वर तोंड करून, उतारावर खाली. "मोठी आई, जेथं पट्टी आडवी होते, तेथं थांबायचं." पट्टीच्या या कलालाच कॉलेजात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. इथे तो येतो २८० वजा भ. तो शून्य कधी? भाव २८० झाला की. खप ६० किलो, नफा ७,२०० रुपये.

ताई काही बोलत नाहीत. काडीकडे बघतात.

(दृश्य: गावातला हातपंप.)

हीच युक्ती १८३८ साली आंत्वान कुर्नो या फ्रेंच गणितज्ञाने पुस्तकात मांडली. त्याचं उदाहरण होतं औषधी पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं. झरा आम्हाला मिळाला नाही, तेव्हा हातपंपावर भागवून घ्या. पुस्तक बरीच वर्षं कोणी फारसं वाचलं नाही.

(दृश्य: चक्की. पिवळी धूळ. बँकेचं पासबुक.)

गटात सगळ्यात मोठा वाद झाला तो चक्कीच्या कर्जावरून. बायकांचं म्हणणं, हप्ता आहे तर तो भावात धरा. पुतणी म्हणाली, धरायचा नाही. हप्ता दहा किलो विकले तरी तेवढाच, शंभर विकले तरी तेवढाच. त्याने अख्खी कमान खाली सरकते, पण माथा त्याच भावावर राहतो. हळकुंडं किंवा सरपण महागलं, तर मात्र माथा हलतो. किलोमागचा खर्च दहा रुपयांनी वाढला तर भाव पाचच रुपयांनी वाढवायचा, पुरता दहाने नाही. हे पटायला दोन बैठका गेल्या. दुसऱ्या बैठकीत आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

आणि भाव वाढेल तसा खप घटण्याची ही रेघ सरळच आहे, हे कोणी सांगितलं? दोनच ठिपके आहेत वहीत. तिसरा ठिपका बाजारात जाऊनच मिळेल.

(दृश्य: तराजू. रिकामी पोती. दारात बसलेल्या दोघी. दृश्य लांब ठेवावे.)

भाव वाढवल्यावर खप उतरला, तसं दळणाचं आणि पाकिटं भरण्याचं काम कमी झालं. दोघींचे रोज घटले. गावातली काही घरं आता सुटी हळद आणतात.

(दृश्य: नवं लेबल चिकटवणारे हात.)

नव्या पाकिटावर छापलंय २७० रुपये. दहा रुपये ताईंनी आपल्या मनाने कमी केले. पुतणीने वहीत मांडून पाहिलं. माथ्याजवळ कमान इतकी सपाट असते, की त्या दहा रुपयांनी महिन्याला फरक पडतो पन्नास रुपयांचा.

"मंग राहू दे," ताई म्हणाल्या, आणि पुढचं पाकीट उचललं.