पेन्सिलीच्या रेघा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायला येताना मी एक पुस्तक सोबत आणलंय. माइकजवळ धरून त्याची पानं चाळतो. ऐकलंत? चांगल्या पुस्तकाची पानं सळसळतात, ही मात्र खडखडतात. कारण हे पुस्तक एकदा नखशिखांत भिजून पुन्हा वाळलंय.

मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "हे तुझं." तोवर मी जे जे वाचलं होतं ते सगळं परत करायचं होतं. वाचनालयाच्या पुस्तकांनीच मला वाचक केलं, ते ऋण मी विसरणार नाही. पण त्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का असायचा आणि वाचताना तो शिक्का मनात टिकटिकत राहायचा. हे पुस्तक कुणाला द्यायचं नव्हतं. त्याची शेवटची वीस पानं मी आठवडाभर पुरवून वाचली. पहिल्या पानावर शाईच्या पेनानं, जीभ दाताखाली धरून, माझं पूर्ण नाव लिहिलं.

त्यानंतर पुस्तकं येत गेली. आज घरात भिंतींपेक्षा कपाटं जास्त दिसतात. "एवढी सगळी वाचलीत का?" असं लोक विचारतात. नाही वाचली. एक जाडजूड ग्रंथ अकरा वर्षं माझ्याकडे नुसता उभा होता. मग आईच्या आजारपणात रात्री जागायची वेळ आली. तिच्या उशाशी बसून, दिव्यावर कापड टाकून, मी तो ग्रंथ वाचला. अकरा वर्षांपूर्वी वाचला असता तर त्यातलं निम्मंही मला कळलं नसतं. माणसाची वेळ येईपर्यंत पुस्तक थांबू शकतं, पण त्यासाठी ते घरात, हाताशी असावं लागतं.

एके काळी हे भाग्य फार थोड्यांचं होतं. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधलेली असत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, असं साखळदंडांचं ग्रंथालय आजही आहे. साखळी मुखपृष्ठाच्या उघडत्या कडेला अडकवलेली, म्हणून पुस्तकं आपल्या पद्धतीच्या उलट ठेवलेली असतात, कणा आत आणि पानांच्या कडा बाहेर. तिथं वाचकानं उठून पुस्तकाकडे जायचं. मग १५०१ साली व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुत्सिउस यांनी अभिजात लॅटिन काव्य हातात मावेल अशा लहान आकारात छापायला घेतलं. छापील कागद तीनदा दुमडायचा, की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. आता पुस्तक वाचकाबरोबर घराबाहेर पडू लागलं. प्रवासाच्या पिशवीत मी पुस्तक टाकतो तेव्हा मला या मुद्रकाची आठवण होते.

दुमडलेल्या कागदाच्या त्या जुडीला आपल्याकडचे छपाईवाले फर्मा म्हणतात. पुस्तक घेताना मी ते आधी वरच्या कडेकडून बघतो. कण्यापाशी लहान लहान घड्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या, तर ते फर्मे बहुधा दोऱ्यानं शिवलेले असतात. असं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं, ते हातानं दाबून धरावं लागत नाही. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या पुस्तकात घड्या कापून टाकलेल्या असतात आणि सुटी पानं कण्याला डकवलेली असतात. काही वर्षांनी गोंद कडक होतो, कणा तडकतो आणि पानं हातात येतात. गोंदाची बांधणी स्वस्त पडते आणि त्यामुळे कितीतरी जणांना पुस्तक विकत घेता येतं, हे मला मान्य आहे. पण जे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडलं जाणार, ते शिवलेलंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

कागदाचीही एक गंमत आहे. पाचशे वर्षांपूर्वीची पानं कित्येकदा शंभर वर्षांपूर्वीच्या पानांपेक्षा पांढरी निघतात. जुना कागद लिननच्या आणि सुती चिंध्यांपासून होत असे. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आला. त्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक असतो, तो उजेडानं आणि हवेनं पिवळा पडतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी मिसळत, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत जातं. पान दुमडलं की तुकडाच पडतो तो त्यामुळे. जुन्या पुस्तकाला व्हॅनिलासारखा जो मंद गोड वास येतो, तोही या झिजण्यातूनच येतो. मला तो वास अतिशय प्रिय आहे, आणि तो येतो तेव्हा काळजीही वाटते.

मी पडद्यावरही वाचतो. अक्षर मोठं करता येतं, डोळ्यांना आराम पडतो. पण छापील पुस्तकात एखादं वाक्य डाव्या पानावर, खालून चौथ्या-पाचव्या ओळीत होतं, हे माझा हात लक्षात ठेवतो. पडद्यावर मला ती जागा सापडत नाही.

आता या भिजलेल्या पुस्तकाबद्दल. एका पावसाळ्यात छत गळलं आणि रात्रभर पाणी नेमकं एका कपाटावर ठिबकत राहिलं. सकाळी उघडलं तर खालचे दोन कप्पे फुगून घट्ट झालेले. ओल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून धीर धरून चालत नाही. पुस्तकं उन्हात टाकायची नाहीत, पानं वेडीवाकडी होतात. ती उभी करायची, पानं पंख्यासारखी जरा मोकळी करायची, मधे टीपकागद घालायचे, ते बदलत राहायचं आणि हवा खेळती ठेवायची. संख्या जास्त असेल तर पुस्तकं गोठवून ठेवता येतात, बुरशी थोपवून धरता येते आणि मग सवडीनं एकेक वाळवता येतं.

त्या दिवशी रात्री टीपकागद बदलताना मला सारखं इटलीतलं फ्लॉरेन्स आठवत होतं. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. चिखल आणि इंधनतेल यांत असंख्य ग्रंथ बुडाले. देशोदेशीचे तरुण तिथं पोचले, रांग करून उभे राहिले आणि हातोहात एकेक ग्रंथ तळघरातून वर काढला. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्येही ते ग्रंथ वाळवले गेले. त्यांच्या दुरुस्तीचं काम पुढं कित्येक दशकं चाललं. त्यातला बहुतेक मजकूर त्या मुलांनी कधी वाचलाही नसेल. तरी ते चिखलात उभे राहिले.

माझी तीन पुस्तकं पाण्यातून वाचली नाहीत. हे वाचलं, पण आता ते नीट मिटत नाही, जाडी दीडपट झालीय. नऊ वर्षांच्या मुलानं शाईनं लिहिलेलं नाव विरघळून पहिल्या पानावर निळा ढग झालाय. मात्र समासातल्या पेन्सिलीच्या रेघा जशाच्या तशा आहेत. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. चौदाव्या वर्षी, विसाव्या वर्षी, चाळिशीत, दर वेळी वेगळ्याच वाक्यांखाली रेघ मारलेली दिसते. एका वाक्याखाली मात्र तिन्ही वेळच्या तीन रेघा आहेत, एकीखाली एक.

पुस्तक पूर्ण वाळल्यावर त्या निळ्या ढगाच्या खाली मी माझं नाव पुन्हा लिहिलं, या वेळी पेन्सिलीनं.