हात रोबोटचा, इरादा माणसाचा

व्हीलचेअरच्या बाजूला बसवलेला हा रोबोटिक हात. त्याचा पंजा पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो, शिवाय पकड उघडते आणि मिटते. एकूण ७ हालचाली. चालवणाऱ्याकडे मात्र दोनच अक्षांची जॉयस्टिक. म्हणून मोड बदलायचे: एका मोडमध्ये पंजा आडवा सरकतो, बटण दाबलं की वर-खाली होतो, पुन्हा दाबलं की मनगट वळतं. पेला उचलायचा तर हे बटण कितीदा तरी दाबावं लागतं. चालवणाऱ्याचा स्वतःचा हात अजिबात हलत नसेल, तर तोंडातली नळी असते. हळू फुंक, जोरात फुंक, हळू ओढणं, जोरात ओढणं. आज्ञा फक्त ४.

इथे रोबोटने थोडा भार उचलावा, ही कल्पना. कॅमेरा टेबलावरच्या वस्तू ओळखतो. जॉयस्टिक ज्या दिशेला झुकते, त्या वाटेवरची वस्तूच माणसाला हवी असण्याची शक्यता वाढत जाते. मग माणसाचा आणि रोबोटचा अशा दोन आदेशांची बेरीज होते. मदतीचं प्रमाण ०.३ असेल, तर माणसाच्या आदेशाला ०.७ वजन आणि रोबोटच्या आदेशाला ०.३. अंदाज पक्का होईल तसं हे प्रमाण वाढतं. ते हळूहळू चढवावं लागतं, एकदम वाढवलं तर पंजा हिसका देतो.

खरी अडचण अंदाजात आहे. दोन पेले शेजारी-शेजारी असले, तर दोघांची शक्यता जवळपास सारखीच राहते. अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या अंदाजात पुरेसं अंतर पडेपर्यंत मदत शून्यावरच ठेवायला हवी. आणि माणसाला पेला नकोच असेल तर? समजा, त्याला पुस्तक बाजूला सारायचं आहे आणि पुस्तक कॅमेऱ्याच्या यादीतच नाही. रोबोट पेल्याकडे ओढतो, माणूस जॉयस्टिक उलटी दाबतो, आणि पंजा मध्येच अडकून राहतो. म्हणून यादीत ‘यांपैकी काहीच नाही’ हा पर्याय असणं अत्यावश्यक आहे. आदेश सलग विरोधात येऊ लागले, की रोबोटने माघार घ्यायची.

नुसत्या बेरजेतला एक धोका सहज नजरेतून सुटतो. वाटेत फुलदाणी आहे. माणूस डावीकडून वळसा घालतोय, रोबोटने उजवी बाजू निवडली आहे. दोन्ही वाटा सुरक्षित, पण दोघांची सरासरी थेट फुलदाणीवर. त्यामुळे बेरीज झाल्यानंतरच्या वेगाने टक्कर होईल का, हे वेगळं तपासावं लागतं. थांबण्याचं बटण तर या गणिताच्या पूर्ण बाहेर हवं. जॉयस्टिक सोडली की हातही थांबला पाहिजे, अंदाज कितीही पक्का असो.

मज्जारज्जूला इजा झालेल्या वापरकर्त्यांबरोबरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हात आपोआप चालला तेव्हा त्यांचे श्रम बरेच कमी झाले, तरी समाधान मात्र स्वतः हात चालवणाऱ्यांचं जास्त होतं. वाचलेले सेकंद मोजून यंत्र पसंत करणाऱ्यांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा.

म्हणूनच मदतीची कमाल मर्यादा ठरवणारी सेटिंग वापरणाऱ्याच्या आवाक्यात द्यावी, तंत्रज्ञाच्या लॅपटॉपमध्ये कुलूपबंद नको. थकवा आला की ती वाढवता यावी. घास तोंडाशी येताना कमी करता यावी. आणि आज सगळं आपणच करायचं असं ठरवलं, तर थेट शून्यावर आणता यावी.