थॉमस मोर: वाचावेत कुठून?

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात एका शेकोटीच्या दोन बाजूंना दोन व्यक्तिचित्रे लावलेली आहेत. दोन्ही हान्स होल्बाइन या चित्रकाराची. एक आहे १५२७ सालचे, आठव्या हेन्रीच्या इंग्लंडमधील राजपुरुष थॉमस मोर यांचे: गळ्यात राजसेवेची सोनेरी साखळी, मखमली बाह्या आणि हनुवटीवर दोन दिवसांची खुंटे. त्यांच्याकडे तोंड करून बसले आहेत थॉमस क्रॉमवेल, याच राजाचे मंत्री, ज्यांच्या कारभारात मोर यांचा शिरच्छेद झाला. मोर यांच्यावरील बहुतेक पुस्तके या दोहोंपैकी एका चित्राच्या बाजूने लिहिलेली आहेत, हे ध्यानात ठेवूनच ती हाती घ्यावीत.

घटना थोडक्यात अशी. १५२९ मध्ये मोर इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचे एक सर्वोच्च अधिकारी, झाले आणि १५३२ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पोपची संमती नसलेला राजाचा दुसरा विवाह आणि त्यापुढची वारसदारी मान्य करणारी शपथ त्यांनी १५३४ मध्ये नाकारली, टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद भोगली आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांना मृत्युदंड देण्यात आला. चारशे वर्षांनी, १९३५ मध्ये, कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले.

वाचनाची सुरुवात विल्यम रोपर यांनी लिहिलेल्या मोर यांच्या छोटेखानी चरित्रापासून करावी. रोपर हे मोर यांची थोरली मुलगी मार्गारेट हिचे पती. सोळा वर्षांहून अधिक काळ ते सासऱ्यांच्या घरात राहिले आणि मोर यांच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी त्यांनी आठवणी लिहून काढल्या. वधस्तंभाच्या डळमळत्या पायऱ्यांपाशी मोर म्हणाले, ‘मला नीट वर चढवा, उतरायचे माझे मी बघेन,’ ही प्रसिद्ध गोष्ट रोपर यांच्याच पुस्तकातली, मात्र रोपर स्वतः तिथे हजर नव्हते. तरुणपणी आपण कॅथलिक चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या मतांकडे ओढले गेलो होतो, हेही ते सांगत नाहीत. ते निकोलस हार्प्सफील्ड यांनी लिहिलेल्या मोर यांच्या चरित्रातून कळते. जावयाच्या मायेने लिहिलेले पुस्तक म्हणून ते वाचावे, म्हणजे त्याची गोडीही कळते आणि मर्यादाही.

‘राजाचा चांगला सेवक, पण देवाचा आधी’ हे मोर यांच्या तोंडचे, अनेकांना पाठ असलेले वाक्य रोपर यांच्याकडे सापडत नाही. ते पॅरिसमध्ये पोचलेल्या एका फ्रेंच वृत्तांतातून आले आहे आणि तिथे ‘पण’ नसून ‘आणि’ आहे. एका अव्ययाने माणूस केवढा बदलतो!

पुढे आर. डब्ल्यू. चेंबर्स यांचे १९३५ चे आदरयुक्त चरित्र आणि रिचर्ड मॅरियस यांचे १९८४ चे परखड चरित्र लागोपाठ वाचावे. मोर चॅन्सेलर असताना पाखंडी ठरवलेल्या सहा जणांना जिवंत जाळण्यात आले आणि मोर यांनी अशा शिक्षांचे लेखी समर्थन केले. ही बाजू ठाऊक नसलेल्या वाचकाला त्यांचे हौतात्म्य अर्धेच कळते, असे आम्हाला वाटते. रॉबर्ट बोल्ट यांचे ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे नाटक मोर यांच्या बाजूचे आणि हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ ही कादंबरी क्रॉमवेल यांच्या बाजूची. दोन्ही उत्तम, पण दोन्ही कलाकृतीच.

मोर यांची पत्रे मात्र सर्वांत शेवटी वाचावीत. खटल्यानंतर मोर यांना टॉवरकडे परत नेले जात असताना मार्गारेट शिपायांची फळी मोडून वडिलांच्या गळ्यात पडली होती. ५ जुलै रोजी मोर यांनी तिला अखेरचे पत्र लिहिले. रोपर सांगतात, कोळशाने. तिचे ते वागणे आपल्याला कधी नव्हे इतके आवडले, असे त्या पत्रात मोर लिहितात. मग एकेका मुलीची आठवण काढतात, आणि धाकट्या सेसिलीसाठी आशीर्वादाबरोबर एक हातरुमाल पाठवतात.