कोठडीतील दोरी आणि अटकेची वेळ

नमस्कार श्रोतेहो. पोलीस कोठडीतील मारहाण आणि तिचा जाब विचारण्याचे मार्ग, या विषयावर आज मी आपल्याशी बोलणार आहे. सुरुवात एका दोरीपासून करतो.

1 डिसेंबर 1987 रोजी ओडिशातील जेराईकेला येथील पोलीस चौकीत सुमन बेहेरा या 22 वर्षांच्या तरुणाला चोरीच्या तपासासाठी आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई नीलाबती बेहेरा यांना कळले की, मुलाचा मृतदेह रेल्वेरुळावर सापडला आहे. पोलिसांचे म्हणणे असे होते की, त्याला ज्या दोरीने बांधले होते ती त्याने रात्री तीनच्या सुमारास दातांनी कुरतडली, तो पळाला आणि गाडीखाली आला. नीलाबतीबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली आणि 1993 मध्ये पोलिसांची हकिकत फेटाळली. अंगावरच्या जखमा लाठीच्या माराने होऊ शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि पळालेल्या माणसाचा पोलिसांनी शोध घेतल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठेच नव्हता. राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यावी लागली आणि जगण्याचा मूलभूत हक्क हिरावला गेला तर त्याची भरपाई शासनाने करायची, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले.

ही दोरी मला विसरता येत नाही, कारण कोठडीत काय घडले याची नोंद बहुतेक वेळा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच हातची असते. स्टेशन डायरी तेच लिहितात, साक्षीदारही त्यांचेच सहकारी असतात. हीच अडचण ओळखून विधी आयोगाने 1985 साली आपल्या 113व्या अहवालात सुचवले होते की, कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला असावी. ती सूचना आजतागायत कायद्यात आलेली नाही.

नोंदीत दुसरा हात आणण्याचा मोठा प्रयत्न डी. के. बसू खटल्यात झाला. डिसेंबर 1996 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अकरा बंधने घातली: अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, जागीच तयार करावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी, नातेवाइकांना कळवावे, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. पुढे 2 डिसेंबर 2020 रोजी, सुमनचा मृतदेह सापडला त्या दिवसाला बरोबर 33 वर्षे होत असताना, याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि त्यांचे चित्रण शक्यतो 18 महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला.

मग मारहाण थांबत का नाही? यात आपलाही वाटा आहे, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे कौतुकाने वाचत आलो आहोत. वास्तविक पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि कबुलीसाठी मारणे हा स्वतंत्र, शिक्षापात्र गुन्हा आहे. म्हणजे त्या एका वाक्यात एका गुन्ह्याची बातमी शाबासकी म्हणून छापलेली असते.

परभणीचे प्रकरण तर अगदी अलीकडचे आहे. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर शहरात जो क्षोभ उसळला, त्या वेळच्या अटकांमध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. छातीत दुखू लागल्याचे आधी सांगण्यात आले, तर शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद निघाली. तरीही गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठी त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. तो आदेश जुलै 2025 मध्ये मिळाला, आणि राज्य शासनाने त्याविरुद्ध केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले. जेराईकेल्याची आई आणि परभणीची आई यांच्यामध्ये 37 वर्षे आहेत. गुन्हा आधी शासनाने स्वतःहून नोंदवायला हवा होता, हे मात्र दोघींच्याही बाबतीत तितकेच खरे आहे.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो अजून अनुमोदित केलेला नाही. छळ रोखण्यासाठीचे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते बारगळले.

तोवर आपल्या हाती जे आहे ते वापरले पाहिजे. ‘चौकशीला बोलावले आहे, तासाभरात सोडतो’ असे सांगून घरच्या माणसाला नेले, तर ठाण्यात जाऊन अटक झाली आहे की नाही हे विचारावे. अटक झाली असेल तर मेमो वाचायला मागावा. 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे बंधनकारक आहे, आणि ते तास अटकेच्या वेळेपासून मोजले जातात. म्हणून साक्षीदार म्हणून सही करण्याआधी वेळेच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे, आणि माणूस घरातून खरोखर किती वाजता नेला होता, ते त्याच दिवशी आपल्या वहीतही लिहून ठेवावे.